ऐरावतचं लेबल आणि अर्धी मिशी

रविवारी दुपारी सव्वाबारा वाजता नेसरीत बनाबाई नांदवडेकर यांच्या सोप्यात श्रीशैल बाळाप्पा घुगरे यांची अर्धी मिशी उतरवण्यात आली. जबरदस्ती झालेली नव्हती. कारागीर त्यांनी स्वतः कोल्हापूरहून सोबत नेला होता, वस्तऱ्याचं पातं नवं होतं आणि प्रतिपक्ष समोर बाजेवर मांडी घालून बसला होता. काम अर्ध्यावर का थांबलं, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

महाद्वार रोडवर घुगऱ्यांचं दुकान आहे. पाटीवर अजून ‘बाळाप्पा फोनो अँड रेकॉर्ड हाउस’ असंच आहे. बाळाप्पांनी तिथे तबकड्या विकल्या, श्रीशैलनी कॅसेट विकल्या, नंतर सीडी विकल्या, आणि २००७ च्या उन्हाळ्यात दुकानात मुख्यतः मोबाइलचं रिचार्ज आणि मोबाइलची कव्हरं विकली जात होती. रिचार्जला एक मिनिट लागतं. उरलेल्या वेळाचं काय करायचं, हा प्रश्न त्यांची मुलगी शिवांजली हिने सोडवला. ती बीसीएसला होती. तिने काउंटरवर कॉम्प्युटर बसवला आणि वडिलांना ‘जुनी तबकडी’ नावाचं एक संकेतस्थळ उघडून दिलं. तिथे देशोदेशीची मराठी माणसं रेकॉर्ड कंपन्यांच्या इतिहासावर चर्चा करत. चर्चा म्हणजे एकाने तारीख लिहायची आणि दुसऱ्याने ती चुकीची आहे असं लिहायचं.

श्रीशैलना ही जागा फार मानवली. दोन बोटांनी टाइप करत ते कुणाची तरी चूक काढत आणि मग दुकानाच्या पायरीवर येऊन समाधानाने मिशीवरून हात फिरवत. मिशी मोठी होती, टोकाला किंचित वळलेली. दुकानात बाळाप्पांचा फोटो आहे, त्यात अगदी तशीच आहे. शेजारचे सलूनवाले जोतीराम गेली कित्येक वर्षं दर शनिवारी फोटोकडे बघूनच ती कोरत असत.

एके दिवशी सकाळी श्रीशैलनी लिहिलं : “कोल्हापूरच्या ऐरावत रेकॉर्ड कंपनीच्या पहिल्या तबकडीचं लेबल हिरवं होतं. निःसंशय.”

ऐरावत ही तीसच्या दशकातली कंपनी. हौसेने निघाली, दोन वर्षांत बंद पडली. तिची तबकडी कुणाकडे उरल्याचं ऐकिवात नव्हतं, त्यामुळे तिच्याबद्दल कुणी भांडतही नसे. इथे तरी आडवं कुणी येणार नाही, असा श्रीशैलचा अंदाज होता. चहा यायच्या आत उत्तर आलं.

“मरून होतं. – हंबीरराव, कुरुंदवाड.”

श्रीशैलनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि लिहिलं, “आपण ती तबकडी पाहिली आहे काय?”

“आपण पाहिली आहे काय?”

“हो. वडिलांच्या दुकानात. आत्ता बसलो आहे त्याच दुकानात.”

“दुकानात पिवळा बल्ब असणार. पिवळ्या बल्बात मरून रंग हिरवा दिसतो.”

मिरजेच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मध्ये पडून लिहिलं की, तो हिरवा दिसत नाही, तपकिरी दिसतो. साताऱ्याहून एकाने विचारलं, हिरवा म्हणजे पोपटी, शेवाळी की बाटलीचा? संकेतस्थळाच्या न्यू जर्सीत राहणाऱ्या संचालकांनी ‘सभासदांनी विषय सोडू नये’ अशी तंबी दिली आणि जाता जाता लेबलावरच्या हत्तीची सोंड खाली होती असं लिहिलं. त्यावर सोंड वर होती म्हणणाऱ्यांची वेगळी फळी उभी राहिली. संध्याकाळी दुकान बंद करताना श्रीशैलच्या लक्षात आलं की, आज तीन गिऱ्हाइकांचं रिचार्ज भलत्याच नंबरवर मारलं गेलंय.

घरी बायकोने, अक्काताईंनी, ताट वाढलं. भाकरी, आमटी, वर हिरव्या मिरचीचा खर्डा. श्रीशैल ताटाकडे बघत बसले होते.

“आवो, जेवताय न्हवं?”

“हिरवं हाय की न्हाई गं हे?”

“खर्डा हाय. हिरवाच असतुय. डोळं तपासून आणा उद्या.”

“एक माणूस म्हंतोय मरून हाय.”

“खर्डा?”

“लेबल!”

अक्काताईंनी भाकरीचा चौथा भाग त्यांच्या ताटात टाकला आणि आणखी काही विचारलं नाही. संसारात काय विचारू नये, हे त्यांना माहीत होतं.

श्रीशैलना तबकडी खरोखर आठवत होती. बाळाप्पा गेले तेव्हा ते शाळेत जायला नुकते लागले होते. वडिलांचा आवाज त्यांना आठवत नाही, चेहरा आठवतो तो फोटोमुळे. स्वतःचं म्हणावं असं एकच चित्र त्यांच्याकडे होतं : अप्पांनी त्यांना काउंटरवर बसवलंय, अप्पांच्या हातात तबकडी आहे आणि अप्पा म्हणतायत, “हत्तीला बोट लाव, काळ्याला लावू नगं.” छोटं बोट हत्तीवर टेकतं. हत्तीच्या भोवती गोल आहे आणि तो हिरवा आहे. कुरुंदवाडचा एक अनोळखी माणूस तो गोल मरून करायला निघाला होता.

दोन दिवसांनी हंबीररावांनी लिहिलं, “लहानपणीच्या आठवणींवर इतिहास लिहायला लागलो तर आमच्या म्हशीला पंख होते.”

त्याच दुपारी शिवांजली दुकानात आली आणि पडद्याकडे बघून जागीच उभी राहिली.

“पप्पा, हे काय लिहिलाय? ‘लेबल हिरवं नसेल तर चारचौघांत मिशी उतरवीन’?”

“लिव्हलंय म्हंजे लिव्हलंय.”

“डिलीट करते थांबा.”

“हात लावू नगंस! कोल्हापूरचा माणूस लिव्हलेलं डिलीट करत न्हाई.”

आणि करूनही उपयोग नव्हता, कारण खाली उत्तर येऊन पडलं होतं : “मिशीला मिशी. मंजूर.”

आता सभासद कामाला लागले. इतका उत्साह त्या संकेतस्थळावर कुठल्याच कंपनीच्या वाट्याला आला नव्हता. मिशी घरच्या घरी काढलेली चालणार नाही, कारागिराकडूनच उतरवली पाहिजे, असं एकमताने ठरलं. फोटो हवा, आणि फोटोत मिशी आणि लेबल दोन्ही दिसली पाहिजेत, नाहीतर फोटो जुना आहे अशी शंका येईल, असं मिरजेच्या प्राध्यापकांनी सुचवलं. अडचण एकच होती. तबकडीच नव्हती.

ती मस्कतमधल्या एका सभासदाने पुरवली. तो मूळचा नेसरीचा. त्याने लिहिलं की, गावात बनाबाईंच्या घरी सासऱ्यांचा फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन, आहे, फोनोवर हत्तीछाप तबकडी आहे, लहानपणी त्याने दसऱ्यात बघितली आहे. रंग विचारल्यावर म्हणाला, “नक्की आठवत नाही. पिवळा असावा.”

त्यावरून पिवळ्याचा तिसरा पक्ष निघाला. त्यात जेमतेम चार लोक होते, पण बोलायचे फार.

रविवारी सकाळी श्रीशैलनी दुकानाची व्हॅन काढली. मागे शिवांजली डिजिटल कॅमेरा घेऊन बसली, पुढे जोतीराम मांडीवर हजामतीची पेटी घेऊन. जोतीरामने वाटेत तिसऱ्यांदा विचारलं.

“शेठ, हिरवंच हाय न्हवं?”

“तू पेटी कशाला आणलीस मग? शंका हाय तुला?”

“तुमीच आणाय सांगिटली की!”

“नियम हाय म्हणून. उघडायची येळच येनार न्हाई.”

गडहिंग्लजला चहा घेऊन अकराच्या सुमारास ते नेसरीत पोहोचले. बनाबाईंच्या दारात एक बुलेट उभी होती आणि तिच्यावर रेलून एक आडव्या अंगाचा गृहस्थ कलिंगड खात होता. कुरुंदवाडला त्याचा मंडपाचा आणि लाउडस्पीकरचा धंदा होता. त्यामुळे तो समोरच्या माणसाशीही शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलायचा.

“या पावणं! हिरवं तुमीच न्हवं?”

“आणि मरून तुमी?” श्रीशैलनी त्याला खालून वर न्याहाळलं आणि नजर ओठावर थांबवली. हंबीररावांचा वरचा ओठ स्वच्छ, गुळगुळीत होता. “मिशी कुठाय?”

“कुणाची?”

“तुमची! मिशीला मिशी म्हणून लिव्हलंय तुमी.”

“व्हती की. लग्नात व्हती. फोटो हाय घरात, मोठा.”

“मग हरलासा तर उतरवणार काय, फोटो?”

“पावणं, मी हरलो तर आधी वाढवीन आन मग उतरवीन. तुमच्यापेक्षा डबल तरास हाय मला, त्यो तुमी ध्यानातच घेत न्हाईसा.”

जोतीरामला हा हिशेब पटल्यासारखा वाटला. श्रीशैलनी त्याच्याकडे रागाने बघितलं.

बनाबाई सत्तरीच्या पुढच्या, ताठ बाई. त्यांनी सगळ्यांना सोप्यात बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि आतून नातवाच्या लग्नातल्या शालीत गुंडाळलेला फोनो आणवला. शाल काढल्यावर मात्र सगळे वाकून बघायला लागले ते बघतच राहिले.

फोनोची स्प्रिंग कधीच तुटली होती. बनाबाईंच्या सासऱ्यांनी शेवटची लावलेली तबकडी तशीच वर राहिली होती. पण घरात रीत होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, नांगर, विळा, खुरपं आणि सासऱ्यांचा फोनो अशी सगळ्यांची पूजा व्हायची. हळद-कुंकू लावायचं तर मधोमध. फोनोच्या मधोमध तबकडी आणि तबकडीच्या मधोमध लेबल. कुंकू दरवर्षी झडून जायचं, पण पन्नासहून जास्त दसऱ्यांची हळद एकावर एक बसून तिथे आता चांगली जाड खपली तयार झाली होती. हत्तीचा नुसता उंचवटा कळत होता. रंग विचाराल तर पिवळा.

“पिवळा पक्ष जिंकला,” शिवांजली हळूच म्हणाली.

“पलटी करा की,” हंबीरराव म्हणाले. “उलट्या बाजूला पूजा झालीया काय?”

ही सूचना बिनतोड होती. श्रीशैलनी दोन्ही तळव्यांत धरून तबकडी उचलली. उलट बाजूचं लेबल खालच्या बनातीच्या कापडाला चिकटून कसर लागून गेलं होतं. तिथे फक्त चघळल्यासारखा पांढुरका गोल होता. कसरीनं मागे रंग ठेवला नव्हता.

“मग वरचंच पुसायचं,” हंबीरराव म्हणाले आणि त्यांनी खिशातून बाटली काढली. “स्पिरिट. टेपचं हेड पुसतो मी हेनं. एक हात मारला की लख्ख.”

श्रीशैल ओरडलेच. “खुळं झालायसा काय! लाखेची तबकडी हाय ती. स्पिरिट लावलं तर लाख विरघळती. काकवी हुईल तिची!”

“बरं मग तुमी सांगा.”

इथे श्रीशैलना आपलं ज्ञान चारचौघांत मांडायची संधी मिळाली आणि ती त्यांनी सोडली नाही. आवाज खाली आणून, डॉक्टर बोलतो तसे ते बोलले. “साबणाचं कोमट पाणी. मऊ फडकं. अलगद, एकाच दिशेनं. अख्ख्या जगात हीच पद्धत हाय.”

बनाबाई पुढे सरसावल्या. “मामंजींच्या फोनोला साबण लावनार?”

“आंघोळ म्हणा की मावशी. त्यांचं नाव कॉम्प्युटरवर जाईल. न्यू जर्सीपातुर.”

“तिथं कोन हाय?”

“मोठी मानसं हाईत.”

बनाबाईंनी जरा विचार केला. मामंजींना मोठ्या माणसांची ओळख असल्याचं आवडलं असतं. “मग थांबा, आंघोळीचा साबण देतो. वासाचा.”

“न्हाई न्हाई,” श्रीशैल घाईने म्हणाले. “त्यात तेल असतंय. तेलाचा हात तबकडीला चालत न्हाई. कापडं धुवायचाच द्या.”

असा तो कपड्यांचा साबण श्रीशैलनी मागून घेतला. कोमट पाण्यात स्वतः फेसाळवला. फडकं स्वतः भिजवलं, स्वतः पिळलं आणि लेबलाच्या वरच्या अर्ध्या भागावरून अलगद, एकाच दिशेनं फिरवलं.

फडकं लाल झालं. लेबलही लाल झालं. साधं लाल नव्हे. गडद, वाळलेल्या आमसुलाच्या वळणाचं. त्याला मरूनशिवाय दुसरं नाव नव्हतं.

“मरून!” हंबीररावांचा आवाज गल्लीत गेला. दोन शेजारणी दारात आल्या. “बगा पावणं, बगा! तुमच्याच हातानं!”

श्रीशैलनी एकदा फडक्याकडे बघितलं, एकदा लेबलाकडे. दुसऱ्यांदा फडकं मारायचं त्यांच्या मनात आलं नाही. अप्पांच्या हातातला हिरवा गोल त्यांनी एवढी वर्षं कुठून आणला होता, याचा ते विचार करत असावेत. ते खुर्चीवर बसले. आवाज न चढवता म्हणाले, “जोतीराम, पेटी उघड.”

“शेठ, घाई कशाला? घरला जाऊन…”

“उघड म्हंतो न्हवं.”

जोतीरामने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं. हंबीररावांनी फोटोच्या नियमाची आठवण करून दिली, तेव्हा शिवांजलीने वडिलांच्या हातात तबकडी दिली. पकडलेल्या चोराच्या हातात पाटी देऊन फोटो काढतात, तशी ती त्यांनी छातीपाशी धरली. जोतीरामने ब्रशने भरपूर फेस केला, डोळे मिटून कुठल्या तरी देवाचं नाव घेतलं आणि सुरुवात केली. पहिली कात्री, मग वस्तरा. एक बाजू गेली. शेठना कुठे कापू नये म्हणून दुसऱ्या बाजूला जोतीरामने जरा जास्तच फेस लावला. त्यातला एक गोळा ओघळला आणि थेट तबकडीवर, लेबलाच्या खालच्या, अजून न पुसलेल्या पिवळ्या अर्ध्या भागावर पडला.

जोतीराम वस्तरा वर धरून थांबला. “शेठ, हलू नगासा.”

“हलतोय कोन?”

“खाली बगा.”

फेसाच्या भोवती हळद लाल होत चालली होती. पुसलं कुणी नव्हतं. फेस आपल्या आपण पसरत होता आणि जिथे पोहोचेल तिथे मरून करत होता.

जोतीरामने बनाबाईंच्या करंड्यातली चिमूटभर हळद आपल्या तळहातावर घेतली आणि तिला ब्रश टेकवला. तळहात मरून झाला.

“हळदीला साबन लागला की लालच हुतंय की,” दारातली एक शेजारीण म्हणाली. “ह्यास्नी म्हाईत न्हाई व्हय?”

“मग आधी बोलायचं न्हाई काय!” श्रीशैल अर्ध्या मिशीने ओरडले.

“मला वाटलं कोल्हापूरची मानसं हाईत, काय तरी नवीन पद्धत असंल.”

हंबीरराव सहजासहजी हटणारे नव्हते. “हळद लाल हुती हे मान्य. पण खालचं लेबल मरून न्हाई, हे त्यानं सिद्ध हुतंय काय?”

“तुमचं मरून सिद्ध झालं न्हाई, हे तर सिद्ध झालं!”

“तुमचं हिरवं तर झालं न्हाई न्हवं?”

जोतीराम मध्येच म्हणाला, “ते राहू दे. ऱ्हायलेल्या अर्धीचं काय करू?”

प्रश्न वाटतो तेवढा साधा नव्हता. श्रीशैलनी मिशीच्या उरलेल्या अर्ध्या भागावर हात ठेवला. “हात लावू नगंस. आत्ता काढली तर हरलो म्हणून काढली असं हुईल.”

“आन ठिवली तर?”

“ठिवली तर ठिवली.”

त्यांनी तबकडी पुन्हा मांडीवर घेतली. नुसत्या पाण्याने पुसावं तर आधीच भिजलेल्या कागदाचा लगदा होणार, कोरडं खरवडावं तर खपलीबरोबर लेबल निघणार, स्पिरिटची तर गोष्टच नको. ते फडक्याचं कोरडं टोक शोधत असताना बनाबाईंनी त्यांच्या हातातून तबकडी काढून घेतली.

“बास झालं पावणं. दोन मोठी मानसं हाईसा म्हणून गप बसलो. मामंजी असते तर तुमास्नी दोघांस्नी मळ्यातल्या पंपावर निऊन भिजवलं असतं.” त्यांनी पदराने तबकडी टिपली, फोनोवर ठेवली आणि करंडा उघडून मधोमध चांगली बोटभर हळद लावली, वर कुंकू. हिरवं असो, मरून असो, जे काही होतं ते पुन्हा झाकलं गेलं. “आता खंडेनवमीशिवाय तिला कुनी हात लावायचा न्हाई. त्या दिवशी या. नमस्कार करा, मग तुमच्या हातानं पुसा. साबन सोडून कशानंबी.”

मग त्यांनी सगळ्यांना जेवायला बसवलं, कारण भांडण वेगळं आणि जेवायची वेळ वेगळी. वांग्याच्या भाजीवर श्रीशैलनी हंबीररावांना विचारलं, “एक सांगा. तुमी ती तबकडी बघिटली कुठं?”

हंबीररावांनी घास सावकाश चावला. “खरं सांगू?”

“सांगा की.”

“बघिटलीच न्हाई.”

“काय?”

“न्हाई बघिटली. तुमी ‘निःसंशय’ लिव्हलं, ते डोक्यात गेलं. मानसानं एवडं निःसंशय असू नये. म्हटलं कायतरी रंग टाकून बगू. मरून सुचला.”

श्रीशैलच्या हातातली भाकरी ताटात पडली. “अर्धी मिशी गेली माझी, आन तुमी…”

“पण म्हणून हिरवं ठरत न्हाई,” हंबीरराव म्हणाले आणि त्यांनी वांग्याची भाजी पुन्हा मागितली.

शिवांजलीला मात्र राग आला. व्हॅनपाशी आल्यावर तिने हंबीररावांना बाजूला घेऊन काउंटरवरचं ते छोटं बोट, हत्ती आणि अप्पा, सगळं सांगून टाकलं. हंबीरराव तिचं ऐकत उभे राहिले. बुलेटला किक मारताना ते प्रथमच हळू आवाजात बोलले, आणि इतके हळू की काय बोलले ते कुणालाच कळलं नाही.

कोल्हापुरात दार अक्काताईंनी उघडलं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग जोतीरामकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे.

“लाइट गेलती काय काम चालू असताना?”

सगळी हकिगत ऐकून घेतल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “तुमच्या बनेनवर हळदीचं डाग पडतात ते मी साबनानं धुते, तवा काय हुतं, हे तीस वर्षांत एकदाबी नजरंला पडलं न्हाई तुमच्या. आन पन्नास वर्षांमागचं लेबल दिसतंय.”

दुसऱ्या दिवसापासून महाद्वार रोडवर गर्दी वाढली. रिचार्ज संपलेलं नसतानाही लोक रिचार्ज मारायला येत आणि काउंटरपाशी वाकून बघत. श्रीशैलनी आधी दाढदुखीचं निमित्त करून तोंडाला रुमाल लावला, मग काढून टाकला. संकेतस्थळावर मिरजेच्या प्राध्यापकांनी पैज अनिर्णित असल्याचा निकाल दिला. अर्धी गेली म्हणजे अर्धी पैज हरली, असंही एका गटाचं म्हणणं होतं. उतरवलेली बाजू वाढू द्यायची की नाही, याबद्दल नियमात काहीच नव्हतं. मिशीने नियमांची वाट बघितली नाही, ती वाढली. श्रावण संपेपर्यंत दोन्ही बाजू जोतीरामला फोटो बघून सारख्या करता आल्या.

कुरुंदवाडहून येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने मध्यंतरी एक बातमी आणली. हंबीररावांनी मिशी ठेवली आहे. कशाला म्हणून विचारलं तर ते म्हणतात, “खंडेनवमीला लागंल.” ती चांगली दाट आली आहे आणि शोभत नाही, असं त्या गिऱ्हाइकाचं मत पडलं.

प्रकरण दसऱ्यापर्यंत थंड राहिलं असतं. पण गणपतीच्या सुट्टीत शिवांजलीने नेसरीत काढलेले दोन फोटो संकेतस्थळावर चढवले. एक तिने समोरून काढला होता. दुसरा जोतीरामने शेठना आरसा दाखवला तेव्हा आरशातला. एका फोटोत एकीकडची मिशी नाही, दुसऱ्यात दुसरीकडची. दुपारपर्यंत प्रश्न विचारला गेला : नेसरीत नेमकी कोणती मिशी उतरवली गेली, डावी की उजवी? मस्कत म्हणालं डावी. सातारा म्हणालं उजवी. संचालकांनी ‘सभासदांनी विषय सोडू नये’ असं लिहिलं आणि जाता जाता उजवी म्हणून लिहिलं. पिवळ्या पक्षातल्या चौघांचं एकमत झालं नाही.

श्रीशैलनी जोतीरामला हाक मारली. “काय रे, कुठली काढलीतीस त्या दिवशी?”

“डावी. म्हंजे… तुमची का माझी?”

श्रीशैलनी ओठाच्या दोन्ही बाजूंवरून बोट फिरवून बघितलं. दोन्हीकडे सारखंच लागलं. मग ते दोन बोटांनी टाइप करायला बसले : “डावी. मिशी माझी आहे. निःसंशय.”

चहा यायच्या आत उत्तर आलं.

“उजवी होती. मी समोर बसलो होतो. लावता पैज? – हंबीरराव, कुरुंदवाड.”

हे लिहीपर्यंत श्रीशैल घुगरे यांचं उत्तर आलेलं नाही. दुकान उघडं आहे, कॉम्प्युटर चालू आहे, आणि जोतीरामने पेटीतलं पातं बदलून ठेवलं आहे.